पाठीवरची थाप

न जाणणे हा दोष नव्हे. जाणण्याजोगे जगात इतके आहे की एका आयुष्यात त्यातले ओंजळभर हाती लागले तरी पुष्कळ म्हणावे. परंतु जाणण्याची वस्तू आपल्या कानाशी चालत आलेली असता आपण नेमके त्याच वेळी दुसरीकडे तोंड करून हसत असू, आणि पुढे त्या अज्ञानाचा भार आपल्याहून लहान असलेल्या कोणाला वाहावा लागत असेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य खरे असूनही निर्दोष राहत नाही. सेलूच्या महारुद्र वस्तादांवर असा प्रसंग आला. तो सांगताना त्यांची निंदा करावी असा हेतू नाही. ते आदरास पात्र होते आणि आजही आहेत.

वस्तादांचे वय सत्तरीच्या पुढचे. बाजारपेठेच्या मागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून त्यांची तालीम आहे. तरुणपणी जत्रांच्या फडांत त्यांनी नाव मिळवले आणि उतारवयात ते नाव शिष्यांच्या अंगी उतरवले. मुलींनी लाल मातीत उतरावे की नाही असा वाद गावात चालू असताना त्यांनी स्वतःच्या नातीला, भक्तीला, लंगोटबंद पोरांच्या शेजारी जोर-बैठकांना उभे केले. त्या दिवसापासून एक शिस्त होती. घरी ती त्यांना ‘आज्जा’ म्हणे. तालमीत मात्र ‘वस्ताद’. मातीत नाते आणायचे नाही, हा वस्तादांचाच दंडक होता, आणि सतरा वर्षांच्या त्या मुलीने तो कधी मोडला नव्हता.

त्यांच्या तालमीत एक जुने वचन चालत आले होते : “खालच्याची थाप ही थापच.” मराठी भाषेत पाठीवरची थाप म्हणजे शाबासकी, आणि मारलेली थाप म्हणजे लबाडी. खाली दबलेला मल्ल कधी कधी वरच्याची पाठ थोपटतो, जणू म्हणतो की वाहवा, जिंकलास. वरचा सुखावतो, पकड सैल पडते, आणि खालचा निसटून उलटतो. म्हणून थाप ऐकायची नाही. प्रतिमल्लाचे दोन्ही खांदे भुईला लागल्यावाचून हात सोडायचा नाही. वस्तादांच्या गुरूंनी हे त्यांना शिकवले, त्यांनी ते शिष्यांना शिकवले, आणि मातीपुरते ते खरेही होते.

माघातली गोष्ट. सेलूच्या एका शाळेत सुगत सर नावाचे क्रीडाशिक्षक आहेत. मुलांना निरनिराळ्या युद्धकलांची ओळख व्हावी, त्यांतला भेद कळावा, म्हणून त्यांनी मैदानावर एक सकाळ ठरवली. संस्कृतात हातघाईच्या लढतीला ‘नियुद्ध’ असा सुंदर शब्द आहे. शस्त्र नाही, केवळ देह आणि त्या देहावरचा निग्रह. सरांना तो शब्द ठाऊक नसेलही, पण त्यांच्या योजनेत त्याचा अर्थ होता. कराटे, तायक्वांदो, लाठी, ज्यूदो आणि कुस्ती अशी मांडणी त्यांनी केली. कुस्तीसाठी वस्तादांना सन्मानाने बोलावले. ज्यूदोसाठी, सरांकडे तो शिकणारी त्यांची आवडती विद्यार्थिनी रोहिणी होती. ती मानवतची. रोज सकाळच्या गाडीने सेलूच्या महाविद्यालयात येई, आणि वर्गात भक्तीच्या बाकावर बसे. दोघींचे डबे एकमेकींचे हात ओळखत असत. पुढच्या महिन्यात रोहिणी राज्यपातळीच्या स्पर्धेला जाणार होती.

प्रात्यक्षिकांच्या आधी माहिती सांगण्याचे काम रोहिणीकडेच होते. पांढरा जाड सदरा, कमरेला पट्टा, हातात ध्वनिक्षेपक.

“आता नीट ऐका बरं,” ती पोरांना म्हणाली. “लढाई सगळीकडं सुरू होते ती सारखीच होते. फरक कुठं हाय? ती थांबते कुठं, तिथं. कराटेत आमी ठोसा मारतो, पण असल्या कार्यक्रमात तो नाकाच्या बोटभर अलीकडं थांबवायचा. ज्याला थांबवता येत न्हाई, त्याला कराटे आलं न्हाई. तायक्वांदोत लाथ जास्त. लागली की पंच गुण देतो अन् पुन्हा दोघांना लांब उभं करतो. कुस्तीत खांदे जमिनीला टेकले की संपलं, तवर न्हाई. अन् ज्यूदोत समोरच्याचाच जोर घेऊन त्याला फेकायचं, न्हाईतर खाली दाबून धरायचं. त्यात हात आवळला, सहन होईना झालं, की खालच्यानं असं दोनदा थोपटायचं. गादीवर थोपटा, न्हाई तर समोरच्याच्या अंगावर. थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी.”

“अन् न्हाईच सोडलं तर?” पोरांतून कोणी ओरडले.

“मग ते ज्यूदो न्हाई. भांडण हाय.”

मुले हसली. भक्ती गादीच्या कडेला मांडी घालून बसली होती, तीही हसली.

व्यासपीठावर त्या वेळी वस्तादांना फेटा बांधणे चालू होते. बांधणारे होते शाळेच्या संस्थेचे सचिव बन्सीधर, वस्तादांचे जुने स्नेही. मैदानात अंथरलेल्या निळ्या गाद्यांकडे बोट करून ते म्हणाले, “वस्ताद, उतरता का?”

“गादीवर माणूस झोपतो, बन्सीधर. लढतो का?”

“पोरगी सांगायलीय, थोपटलं की सोडायचं म्हणून.”

“लेकराला थोपटतेत झोपवायला. गादी, थोपटणं, समदंच बरोबर जमलं मग!”

दोघे मनमुराद हसले. त्या हसण्यात विष नव्हते, हे खरे. परंतु मैदानातल्या शेवटच्या रांगेतल्या मुलाला जे कळले, ते व्यासपीठावरच्या मुख्य पाहुण्याच्या कानावरून वाऱ्यासारखे निघून गेले.

शेवटी दोस्तीची एक लढत ठरली होती. भक्ती विरुद्ध रोहिणी, कुस्ती आणि ज्यूदो शेजारी शेजारी पाहता यावीत म्हणून. सुगत सरांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून वस्तादांच्या गळ्यात घातली. “पंच तुमीच व्हा, वस्ताद. तुमी असताना मी शिट्टी वाजवणं शोभत न्हाई.” सर स्वतः पुढे सरकणाऱ्या मुलांना आवरायला कडेला गेले. लढत कोणत्या नियमाने संपेल, हे कोणी बोलले नाही. मान देण्याघेण्याच्या गडबडीत ते राहून गेले.

हलगी वाजू लागली. भक्तीने शड्डू ठोकला, रोहिणीने कमरेत वाकून वंदन केले. क्षणभर हातांची झटापट झाली आणि रोहिणीने भक्तीचाच रेटा वापरून तिला अशी फिरवली की ती एका कुशीवर धाडकन पडली. पाठ टेकली नाही; पण मैदान उसळले. कोणीतरी मागून ओरडले, “वस्ताद, नात आस्मान बघायलीय!” त्यावर हशा पिकला.

वस्तादांच्या कानशिलाची शीर उठली. ते पंच होते. पंचाला नात नसते. पण त्या हशाने पंच मागे सरला.

भक्ती उठली, पट काढून, म्हणजे पायाला हात घालून, तिने रोहिणीला खाली घेतले आणि तिचा उजवा हात पिळून खांद्याकडून उलटवू लागली. रोहिणीने देह आडवा ताठ केला. कोपर वाकडे होऊ लागले. तिचा मोकळा डावा हात भक्तीच्या पाठीवर आला आणि त्याने थोपटले. पुन्हा थोपटले.

भक्तीची पकड सैल झाली. तिने मान वर करून पंचाकडे पाहिले. हलगीच्या कडकडाटात तिचा शब्द दोन हातांपलीकडे गेला नसता. पण वस्ताद दीड हातावर वाकलेले होते.

“आज्जा, थोपटायलीय ती!”

तालमीच्या इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच मातीचा दंडक मोडला होता. तिने आजोबांना हाक मारली होती. उत्तर मात्र वस्तादांनी दिले.

“थोपटू दे! सोडू नको! उलट तिला!”

शिष्येने गुरूची आज्ञा पाळली. कोपरातून ओली काडी मोडावी तसा बारीक आवाज आला, आणि रोहिणी ओरडली. सुगत सर मुलांना ढकलत धावले तेव्हा हलगी अजून वाजतच होती.

रोहिणीला परभणीला नेले. कोपराचे बंध तुटले होते, स्पर्धा बुडाली होती, आणि हात पूर्ण सरळ होईल की नाही हे प्लास्टर निघाल्यावरच कळणार होते. सुगत सरांनी सर्वांपुढे दोष स्वतःकडे घेतला. नियम आधी सांगायला हवे होते, म्हणाले. वस्तादांना कोणी दोष दिला नाही. हलगीच्या आवाजात त्यांची आज्ञा भक्तीवाचून कोणाला ऐकू गेली नव्हती.

पण कोणीतरी मोबाइलवर ती लढत टिपली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती सेलूपासून मानवतपर्यंत घरोघर पोचली. त्या चित्रफितीत थोपटणारा हात स्वच्छ दिसत होता. न सोडणारी भक्ती दिसत होती. वाकलेल्या पंचाचे फक्त धोतर दिसत होते, आणि आवाज केवळ हलगीचा. खाली लोकांनी लिहिले होते, ‘मैत्रीण म्हणवते अन् हात मोडते’, ‘काळीज हाय का धोंडा’. वर्गातल्या मुलींनी बाक बदलले. भक्तीने महाविद्यालयात जाणे सोडले, मग तालमीत येणेही. तिने रोहिणीला फोन लावले. पलीकडून एकही उचलला गेला नाही.

वस्ताद मोंढ्यावरच्या, धान्याच्या बाजारातल्या, हॉटेलात नेहमीप्रमाणे चहाला बसत. “तुमचा काय कसूर, वस्ताद?” लोक म्हणत. “त्या परदेशी खेळाचं तुमाला काय म्हाईत? पोरीलाच कळाया पायजे व्हतं, बरोबरच्या बाकावर बसती की.”

वस्ताद बशीत चहा ओतीत आणि म्हणत, “हां.”

त्या ‘हां’मध्ये एकही खोटा शब्द नव्हता. तरी प्रत्येक ‘हां’बरोबर नातीच्या अंगावर एकेक धोंडा चढत होता, आणि ते त्यांना कळत होते. घरी आल्यावर भक्ती पाण्याचा तांब्या पुढे करी, तेव्हा ते तिच्या हाताकडे पाहत, तोंडाकडे नाही.

पार्वतीबाई, त्यांच्या पत्नी, पन्नास वर्षे पैलवानाच्या संसारात राहिल्या होत्या. माणसाचा तोल कोणीकडे गेला आहे हे त्यांना बरोबर कळे. एका संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापता थापता त्यांनी विचारले, “पोर चतकोर भाकर खाईना झालीय. तिला काय खातंय, ते तुमाला म्हाईत हाय का?”

“लोक बोलायलेत, दुसरं काय.”

“लोकांचं सोडा. तुमी तिथं वाकून उभे व्हता. ती सोडीना झाली तर तुमी काहून नाही सोडवलं? तिनं तुमाला काहीच म्हणलं न्हाई?”

वस्तादांनी चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाले, “हलगी लय वाजायली व्हती. मला काय ऐकू येतंय आता पयल्यावानी.”

पार्वतीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. भक्ती दारात सुपात निवडलेली तूर घेऊन उभी होती. तिने आजोबांकडे पाहिले नाही.

“व्हय आजी,” ती म्हणाली. “हलगी लय वाजत व्हती. आज्जाला ऐकू आलंच नसंल.”

ती सूप ठेवून आत गेली.

अनेक फडांत वस्ताद हरले होते. हरण्याची लाज त्यांना परिचित होती, ती अंग झाडून उठता येते. ही निराळी होती. आपण खोटे बोललो ही एक गोष्ट. पण जिच्यावर त्या खोट्याचे सारे ओझे होते, तिनेच ते खरे म्हणून सांगून त्यांना झाकले होते. गुरूचे नाव खाली जाऊ द्यायचे नाही, हे शिक्षण त्यांचेच. इतके पुरते शिकलेली शिष्या त्यांना दुसरी मिळाली नसती.  पुढची भाकरी वाढायला पार्वतीबाई वळल्या, तेव्हा ताट तसेच होते आणि वस्तादांचा पाट रिकामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भक्तीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. “मानवतला जायलोय. येतीस?”

“कशाला?”

“ऐकू आलं व्हतं, ते सांगायला.”

भक्ती उठून बसली. “तुमचं नाव जाईल, आज्जा.”

“गेलंय ते. लोकांला खबर न्हाई, इतकंच.”

ती आली नाही. एस.टी.ने ते एकटेच गेले.

रोहिणीच्या आई कुसुमबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. रविवार होता. त्यांनी वस्तादांना ओळखले, आत बोलावले, खुर्ची दिली, पाणी दिले. घराण्याची रीत म्हणून दिले. चेहऱ्यावर स्वागत नव्हते. रोहिणी पलंगावर बसलेली, हात गळ्यात बांधलेला. वस्ताद खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसले.

“वर बसा,” कुसुमबाई म्हणाल्या. “खाली बसून माफी मागणाऱ्याला आमच्याकडं न्हाई म्हणता येत न्हाई, अन् मला इतक्यात माफ केलं म्हणायचं न्हाई.”

ते उठून खुर्चीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

“पोरीनं पकड ढिली केली व्हती,” ते म्हणाले. “तू थोपटलंस तवाच केली. माझ्याकडं बघून म्हणाली, आज्जा, थोपटायलीय. मला लख्ख ऐकू आलं. मी म्हणलं, थोपटू दे. सोडू नको म्हणलं. तिनं माझं ऐकलं. हात तिनं न्हाई, मी मोडला.”

त्या वेळी दुखण्यापुढे रोहिणीला यातले काहीच ऐकू आले नव्हते. “मी आधी सगळ्यांला सांगितलं होतं. माइकवर. तुमी समोरच होता.”

“व्हतो. फेटा बांधून घ्यायलतो. तू सांगत व्हतीस अन् मी तुझ्या गादीची टवाळी करायलतो.” त्यांचा आवाज खाली गेला. “अन् इतकंच न्हाई. तू तिला पाडलंस, लोक हासले, त्याचा मला राग आला व्हता. थोपटायचा अर्थ म्हाईत असता, तरी त्या वक्ताला मी सोडा म्हणलो असतो का, ते मला सांगता येईना. पंच मी नीट न्हवतोच.”

कुसुमबाईंनी विचारले, “मग इतके दिवस काय करायलता?”

“चहा प्यायलतो, बाई. लोक म्हणायलते, वस्तादाला काय म्हाईत. अन् मी ‘हां’ म्हणायलतो.”

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला. रोहिणीने डाव्या हाताने उशीखालचा मोबाइल काढला.

“इथं सांगून काय उपेग? मला कळलं, आईला कळलं. भक्तीला जिथं समद्यांनी बघितलं, तिथं तुमी दिसले पायजेत.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. “आत्ता म्हणलात तसंच म्हणा. रागाचं पण म्हणा. मी काही कापणार न्हाई.”

“रोहिणी,” कुसुमबाई म्हणाल्या, “वयानं मोठे आहेत.”

“म्हणूनच म्हणायलेय, आई.”

वस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली, आणि ताठ बसले.  मग त्यांनी आपले नाव, आपल्या तालमीचे नाव, आपल्या गुरूंचे नाव घेतले, गुरूंचा यात दोष नाही असे सांगितले, आणि जे घडले ते सगळे सांगितले. ‘माझ्या नातीनं मला विचारलं व्हतं’ या वाक्याशी ते थांबले.  रोहिणीने मोबाइल खाली घेतला नाही. ते पुढे बोलले.

निघताना रोहिणी त्यांच्या पाया पडली नाही, आणि त्यांनीही आशीर्वादाला हात उचलला नाही. तो अधिकार आपण गमावला आहे हे त्यांना उमजले होते. कुसुमबाई दारापर्यंत आल्या. “माफ केलं असं मी म्हणत न्हाई, वस्ताद,” त्या म्हणाल्या. “हात कसा निघतो ते बघू. पण आलात, हे बरं केलं.”

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सेलूत पोचली. त्यानंतरचे दिवस वस्तादांना सोपे गेले नाहीत. काहींनी मुले तालमीतून काढली. बन्सीधर रस्त्यात भेटले की मोबाइल कानाला लावून दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. ‘टवाळी करायलतो’ यात त्यांचेही हसणे होते. मोंढ्यावर एक टवाळखोर मागून म्हणाला, “वस्ताद, थोपटू का?” वस्तादांनी वळून त्याला हात जोडले आणि चहा न घेताच पुढे गेले. घरी पार्वतीबाईंनी यातले काही विचारले नाही. नवऱ्याच्या ताटात त्यांनी त्या रात्री तूप जास्त वाढले, एवढेच.

भक्तीने ती चित्रफीत आपल्या खोलीत एकटीने पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, ज्या गाडीने रोहिणी सेलूला येई तिच्या उलट दिशेने, ती मानवतला गेली. तेथे काय बोलणे झाले ते तिने कोणाला सांगितले नाही, आणि कोणी विचारू नये. दुपार कलल्यावर ती परतली, हातपाय धुतले आणि आजीला म्हणाली, “भाकर हाय का? भूक लागलीय.”

वस्ताद ओसरीवर बसले होते. ती त्यांच्यापाशी थांबली. “आज्जा,” ती म्हणाली, “मी तुमच्यावर लय रागावलेय अजून.”

“ऱ्हा,” ते म्हणाले. “जितके दिवस ऱ्हायचं तितके ऱ्हा.”

ती त्यांच्याशेजारीच जेवायला बसली.

रोहिणीचा हात सरळ होवो, आणि तिला जेथवर जायचे आहे तेथवर तिची वाट मोकळी होवो. भक्तीला आज्ञा पाळण्याचे बळ आहेच. न पाळण्याचेही लाभो. कुसुमबाईंच्या घरी शांतता नांदो. आणि ज्या वृद्धाने उशिरा का होईना आपले ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले, त्याला उरलेल्या दिवसांत निवांत झोप मिळो.